तुम्ही विचारलंत म्हणून: नागपूरला समुद्र नाही, मग खोल पाण्याचं वेड कुठून?

"मॅडम, तुम्ही पक्क्या नागपूरच्या. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. मग तुम्हाले हे पाण्याखालच्या भुताटकीचं याड लागलं कसं? अन् भेव नाही लागत काय जी?"

हा प्रश्न मला वर्गात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय संपला की विचारतात. मी ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि संधी मिळाली की खोल समुद्रातल्या जिवांवर बोलत सुटते, त्यामुळे तो ओढवून घेतलेलाच आहे. एकदाचं सविस्तर उत्तर देते. भेव लागतं. चांगलंच लागतं. पण तुम्हाला ज्याचं लागतं त्याचं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत एक काळा मासा सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, आठवतो? तोंडभर सुया, कपाळावर दांडी, दांडीच्या टोकाला दिवा. स्पेनच्या टेनेरिफ बेटाजवळ तो भर उजेडात पाण्याच्या वर आला आणि कुणीतरी त्याचं चित्रण केलं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तर "प्रलयाची खूण" वगैरे सुरू झालं. माझ्या आत्तेभावाने विचारलं, "माणूस गिळत असन न हे?" त्याला सांगितलं, बाबा, हा अँग्लरफिश वीतभरही नाही, तुझ्या तळहातावर मावला असता. वर आल्यावर काही तासांत तो मेला. त्या व्हिडिओत जिवावर बेतलं होतं ते माशाच्या.

त्याचं ते थोबाड भूक घडवते. दोनशे मीटरखाली वनस्पतींना जगता येईल इतका उजेड पोचत नाही, हजार मीटरखाली सूर्याचा कणही नाही. म्हणजे तिथे काही उगवत नाही. खायला मिळतं ते वरून झरत येतं: मेलेल्या जिवांचा चुरा, विष्ठा, शेवाळाची धूळ. त्यातलंही बहुतेक वाटेतच कुणीतरी खाऊन टाकतं. अशा ठिकाणी आठवड्यांनी एखादं सावज समोर आलं आणि निसटलं, तर पुढचं कधी येईल याचा नेम नाही. म्हणून दात लांब आणि आत वळलेले, पोट आपल्यापेक्षा मोठं सावज मावेल इतकं ताणणारं, आणि तो दिवा म्हणजे आमिष. दिव्यातला उजेडसुद्धा माशाचा स्वतःचा नाही, तिथे पाळलेल्या जिवाणूंचा आहे.

याच्याच भाऊबंदांमधल्या काही जातींत नर इवलासा असतो. मादी सापडली की तो तिला चावतो आणि चावलेलाच राहतो. कातडी जुळते, रक्तवाहिन्या जुळतात, पुढे तो तिच्या रक्तावर जगतो. आता कुणाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवायचं तर शरीर ते परकं म्हणून नाकारू नये यासाठी जन्मभर औषधं घ्यावी लागतात. मग ही मादी अख्खा नर कसा पचवते? २०२० मध्ये कळलं की अशा जातींनी रोगप्रतिकारशक्तीची काही मुख्य जनुकंच गमावली आहेत. हे नीटच्या परीक्षेला येत नाही, म्हणून मुलं वहीत उतरवत नाहीत. ऐकताना मात्र मागच्या बाकावरचे मोबाइल खिशात जातात.

आता नागपूर आणि समुद्राचा संबंध. तुम्ही रविवारी सकाळी भोईपुऱ्यातल्या मासोळी बाजारात या. एका बाजूला आपल्या तलावांतली आणि धरणांतली रोहू, कटला, मरळ. मरळ अजून टोपलीत वळवळत असते. दुसऱ्या बाजूला थर्मोकोलच्या पेट्या, त्यांत बर्फाखाली बांगडा आणि सुरमई. पेटीवरची चिकटपट्टी फाडून मासोळीवाली बर्फ बाजूला सारते, बांगड्याचा गलफडा अंगठ्याने उचलून आतला रंग दाखवते, आणि त्याच क्षणी तो वास येतो. रोहूला असा वास नसतो. तिला येतो तो चिखलाचा. माझी मावशी खारी मासोळी घरात घेऊच देत नाही, "आख्खा वाडा घमघमते" म्हणते.

मला समुद्र भेटला तो या वासात. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, गोड्या पाण्यातल्या माशांत तो जवळपास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि मावशी खिडक्या उघडते. पण जिवंत माशात हाच पदार्थ दुसरं काम करतो. पाण्यात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. सहा हजार मीटरवर तो दर चौरस सेंटिमीटरला सहाशे किलोच्या आसपास जातो. अंगठ्याच्या नखावर एक म्हैस उभी राहावी तसा. माशाची हाडं चिरडण्याचा तिथे प्रश्न नसतो, कारण त्याच्या अंगात हवेची पोकळी नसली तर आतबाहेर दाब सारखाच. बिघडतात ती प्रथिनं. दाबाने त्यांचे आकार बदलतात आणि आकार बदलला की काम थांबतं. हा वासाचा पदार्थ प्रथिनांना जागेवर धरून ठेवतो. मासा जितका खोल राहणारा, तितका त्याच्या अंगात तो जास्त.

आणि म्हणूनच माशांना एक तळ आहे. खोलीबरोबर हा पदार्थ वाढवत नेला तर सुमारे ८,२०० ते ८,४०० मीटरवर माशाचं शरीर समुद्राच्या पाण्यापेक्षाही जास्त तीव्र होईल आणि बाहेरचं पाणी आत घुसू लागेल. हे आधी कागदावर मांडलं गेलं. मग २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत सोडलेल्या कॅमेऱ्यासमोर ८,३३६ मीटरवर एक स्नेलफिश आला: लहानगा, मऊ, बिनखवल्यांचा, निवांत पोहणारा. हिशोब इतका चोख उतरलेला जीवशास्त्रात फार वेळा बघायला मिळत नाही.

त्याच हिशोबामुळे एका जुन्या गोष्टीला धक्का बसतो. २३ जानेवारी १९६० ला जाक पिकार आणि डॉन वॉल्श ट्रिएस्ट नावाच्या पाणबुडीतून चॅलेंजर डीपच्या, म्हणजे समुद्रातल्या सर्वांत खोल जागेच्या, तळाला पोचले, जवळजवळ अकरा किलोमीटर खाली. उतरताना बाहेरच्या खिडकीची काच तडकली, तरी ते खाली गेलेच. तळाशी आपण एक चपटा मासा पाहिला, असं पिकार यांनी सांगितलं. पण तिथे मासा असणं शक्य नाही, असं आज बहुतेक संशोधक मानतात. समुद्रकाकडीसारखा एखादा जीव असावा. मला यात पिकार यांची चूक काढण्यात रस नाही. इतक्या काळोखात, इतक्या खोलवर बसून कुणाला ओळखीचा चेहरा दिसला तर नवल काय?

"संधी मिळाली तर तुम्ही जाल का?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. आपल्याकडे चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था मत्स्य ६००० ही सहा हजार मीटरपर्यंत जाणारी पाणबुडी बांधते आहे: तीन माणसं, आणि त्यांच्याभोवती २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल. सरावासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या नॉटील पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरले, त्यातले एक ५,००२ मीटरपर्यंत. अशा गोलात बसवलंत तर मी आनंदाने जाईन. जून २०२३ मध्ये टायटॅनिक पाहायला निघालेल्या टायटन पाणबुडीत पाच जणांचा जीव गेला. त्याचं कवच कार्बन फायबरचं होतं आणि इशारे आधीच दिले गेले होते. तिथेही कुठला राक्षस नव्हता. दाब होता, आणि घाई होती.

मला भेव लागतं ते आपल्या कन्हान नदीच्या रेती घाटाचं. बंद पडलेल्या गिट्टी खदानीचं. एप्रिल उजाडला की पेपरात तीच बातमी येते: मित्र पोहायला गेले, एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. नदीचा काठ नैसर्गिक असेल तर पाणी पायाला हळूहळू खोल होत जातं. पोकलेनने रेती उपसलेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर पाणी असलेल्या खड्ड्यात पडतं, आणि कडेची रेती धरावी तर हातात येते. खदानीची तऱ्हा वेगळी. तिथे भिंत सरळ कापलेली, शेवाळलेली, चढायला खाच नाही. वरचं हातभर पाणी उन्हाने कोमट, खालचं गार. सूर मारणारा पोरगा एकदम गार थरात शिरला की त्याचा श्वास आपोआप ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असतं.

जुने लोक नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले दगड ठेवत, साती आसरा म्हणत, पोरांना तिकडे फिरकू देत नसत. माझा आसरांवर विश्वास नाही. पण ते दगड पक्क्या जागेवर असत आणि जागा बरोबर असे. रेतीचे खड्डे दर हंगामात सरकतात. तिथे शेंदूर लावणार कोण अन् कुठे?

आणि पाणी माणूस बघत नाही. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप या भागातले खडक पायाखालून घातलेले गृहस्थ होते. टाकळीच्या खडकातले गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म त्यांनी जगापुढे मांडले, म्हणजे लाव्ह्याच्या थरांमध्ये गाडलेलं एक तळंच. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ घोड्यावरून नाला ओलांडत असताना ते पुरात बुडाले. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी वाचू शकणारा माणूस, आणि नेला एका नाल्याने.

म्हणून मार्चमध्ये अभ्यासक्रम संपला की एक तास मी माशांवर न घालवता यावर घालवते. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड वर-खाली होत तो मिनिटाभरात शांतपणे जातो. शर्यत लावून भराभर श्वास घेऊन बुडी मारू नका, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि त्याआधीच शुद्ध हरपते. पोहता येत असलं तरी वाचवायला उडी घेऊ नका. ओढणी फेका, बेल्ट जोडून फेका, झाकण लावलेला रिकामा तेलाचा डबा फेका, आणि स्वतः काठावर आडवे पडून ओढा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबायला लागा, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा.