साल्झबर्गमध्ये त्रेचाळीस वर्षे

साल्झबर्गला आमच्याकडे येणारे पाहुणे सर्वप्रथम मोझार्टचे जन्मघर विचारतात. ते दाखवून झाले की मी त्यांना सेंट पीटरच्या दफनभूमीत नेतो, कारण तिथे ज्या सामायिक तळघरात मोझार्टची बहीण नानर्ल विसावली आहे, तिथेच संगीतकार मिखाएल हायडन यांचीही समाधी आहे. थोरले बंधू, विख्यात संगीतकार योझेफ, यांच्या कीर्तीपुढे हे नाव मागे पडले, याची मला मनापासून हळहळ वाटते.

१७६३ साली मिखाएल इथल्या आर्चबिशपच्या, म्हणजे मुख्य ख्रिस्ती धर्मगुरूच्या, चाकरीत आले आणि अखेरपर्यंत इथेच राहिले. त्या काळी आर्चबिशप हाच या भूमीचा राजाही होता. त्यामुळे दरबारी संगीतकाराचे बरेचसे काम कॅथीड्रलच्या उपासनेसाठीच असे.

१७७१च्या जानेवारीत त्यांची एकुलती एक लेक वर्षाची होण्याआधीच गेली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला त्यांचे आश्रयदाते आर्चबिशप श्राटेनबाख निवर्तले, आणि अवघ्या पंधरवड्यात, ३१ डिसेंबरला, हायडन यांनी सी मायनर या स्वरपट्टीतला ‘रिक्विम’, म्हणजे मृतात्म्यासाठीची प्रार्थना, लिहून पूर्ण केला. हुकुमाबरहुकूम केलेल्या कामात इतके दुःख उतरत नाही. मला तरी त्यात त्या तान्ह्या मुलीचा शोक ऐकू येतो. जानेवारी १७७२मध्ये तो सादर झाला तेव्हा वाद्यवृंदात लेओपोल्ड मोझार्ट आणि त्यांचा किशोरवयीन मुलगा वोल्फगांग, म्हणजेच सुप्रसिद्ध मोझार्ट, हे दोघेही होते. वीस वर्षांनी त्या मुलाने स्वतःचा रिक्विम लिहायला घेतला, त्याच्या आरंभावर या रचनेची छाया स्पष्ट जाणवते.

पुढचे आर्चबिशप कोलोरेडो यांना उपासना आटोपशीर आणि साधी हवी होती. मोझार्टला ते बंधन सोसवले नाही. तो व्हिएन्नाला निघून गेला आणि दरबारी ऑर्गनवादकाची त्याची जागा हायडन यांच्याकडे आली. प्रार्थनेच्या मध्ये वाजणाऱ्या वाद्यरचनांऐवजी गायनच असावे, असे कोलोरेडोंनी ठरवल्यावर हायडन यांनी त्या जागेसाठी शंभराहून अधिक छोट्या गायनरचना केल्या. त्या ऐकताना कुठेही तडजोड वाटत नाही, इतक्या त्या नितळ आहेत.

१८००च्या अखेरीस फ्रेंच सैन्याने शहर घेतले तेव्हा त्यांचे घर लुटले गेले. थोरल्या भावाने मदत पाठवली. पुढे सम्राट फ्रान्झ यांच्या पत्नी, सम्राज्ञी मारिया तेरेझा, यांच्या सांगण्यावरून त्यांनी आणखी एक रिक्विम हाती घेतला. १० ऑगस्ट १८०६ रोजी ते गेले, तेव्हा तो अपुराच राहिला होता.