आधी काय अडलं होतं?

आमच्या शाळेत इतिहास शिकवणारे सर सनावळ्या पाठ करून घ्यायचे नाहीत. औद्योगिक क्रांतीचा धडा म्हणजे बाकी सगळीकडे जेनी कुणाची, म्यूल कुणाचं (दोन्ही सूत काढायची यंत्रं), जोड्या लावा, झालं, पण सर प्रत्येक शोधाच्या आधी एकच विचारायचे, "आधी काय अडलं होतं ते सांगा," आणि उत्तर आल्याशिवाय पान उलटायचं नाही. इचलकरंजीची शाळा, वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील मागावर नाहीतर सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायच्या कामाला, माझी आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, त्यामुळं हा धडा आम्हाला विलायतेचा कधी वाटलाच नाही.

सर वर्गात धोटा घेऊन यायचे, म्हणजे पोटात सुताची कांडी घेऊन मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा लाकडी तुकडा. घरोघरी बघितलेलीच वस्तू, पण त्याच्यामागं जॉन के नावाचा माणूस आहे हे आम्हाला तिथं कळलं. लँकेशायरमधल्या बरी गावाकडचा, पेटंट 1733 चं. त्याच्याआधी विणकर एका हातानं धोटा फेकायचा नि दुसऱ्या हातानं घ्यायचा, म्हणजे हात पोचतील तेवढाच पन्हा, रुंद कापड काढायचं तर एका मागाला दोन माणसं लागायची. केनं धोट्याला चाकं लावली, दोन्ही टोकांना पेट्या बसवल्या, दोरीला हिसका दिला की धोटा या पेटीतून त्या पेटीत. एकटा माणूस रुंद कापड विणायला लागला. कारखानदारांनी धोटा वापरला पण त्याचे पैसे द्यायला नकार दिला, वर कोर्टाच्या खर्चासाठी आपसात वर्गणी काढून क्लब केला! के शेवटी फ्रान्सला गेला आणि तिकडंच वारला. त्याच्या मुलानं, रॉबर्टनं, 1760 मध्ये ड्रॉप बॉक्स काढला, म्हणजे दोन-तीन रंगांचे धोटे आलटून पालटून चालवता येतात, चौकड्याचं कापड त्यातूनच निघतं. हे ऐकल्यावर त्या संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं मित्र शेजारच्या कारखान्यात ड्रॉप बॉक्सचा माग बघायलाच गेलो होतो, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांनी माग थांबवून सगळं उघडून दाखवलं.

मग सर विचारायचे, धोटा जोरात पळायला लागला, आता काय अडलं? सूत! एका विणकराला सूत पुरवायला आधीच चार-पाच जणींना चरख्यावर बसावं लागायचं, आता तर तेही पुरेना. म्हणून 1764 च्या सुमारास ब्लॅकबर्नजवळच्या हारग्रीव्ह्जची जेनी आली, एका चाकावर आठ चात्या, म्हणजे एका वेळी आठ धागे. 1768 मध्ये लोकांनी घरात घुसून त्याची यंत्रं फोडली आणि तो नॉटिंगहॅमला निघून गेला. पण जेनीचं सूत पडलं मऊ, बाण्याला म्हणजे आडव्या धाग्याला चालायचं, ताण्याला म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्याला टिकायचं नाही. आमच्या वर्गाला हे समजावून सांगायची गरजच नव्हती, ताणा तुटला की माग बंद आणि माग बंद म्हणजे पगार कमी हे घरी रोज ऐकलेलं. ताण्याचं सूत दिलं आर्कराइटच्या वॉटर फ्रेमनं, 1769 चं पेटंट. माणूस मूळचा न्हावी आणि केसांचे टोप करणारा. 1771 मध्ये त्यानं क्रॉमफर्डला पाण्याच्या चाकावर चालणारी गिरणी उभी करायला घेतली आणि घरातलं काम गिरणीत गेलं, बायका-पोरांसकट.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सॅम्युअल क्रॉम्प्टन. बोल्टनचा, स्वतः जेनीवर सूत काढणारा, आणि सूत सारखं तुटतंय म्हणून वैतागून पाच वर्षं गुपचूप खपून 1779 मध्ये त्यानं म्यूल तयार केलं. आर्कराइटचे रूळ आणि जेनीचा सरकता गाडा एकत्र, सूत बारीक तरी मजबूत. जी मलमल तोवर हिंदुस्थानातून जायची तसली त्यांना तिकडंच विणता यायला लागली, म्हणजे त्या यंत्राचा धक्का आपल्या विणकरांपर्यंत येऊन पोचला. लोक खिडकीतून डोकवायला लागले, पेटंटला पैसे नाहीत, म्हणून वर्गणी देऊ या कारखानदारांच्या शब्दावर त्यानं यंत्र सगळ्यांना खुलं करून टाकलं. मिळाले साधारण 60 पौंड. 1812 मध्ये पार्लमेंटनं 5,000 पौंड दिले तेव्हा देशात म्यूलच्या 40 लाखांच्या वर चात्या फिरत होत्या. मला अजून या माणसाचं वाईट वाटतं.

आता सूत उदंड, विणकर कमी. मग आला कार्टराइट, हा तर पाद्री, कधी माग बघितलेला नाही, 1785 मध्ये पेटंट घेतलं त्या यंत्रमागाला दोन दणकट माणसं लागायची आणि तीही थोड्याच वेळात दमायची, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. शिवाय ताण्याला खळ लावायला माग सारखा थांबवावा लागायचा. ते अडलेलं 1803 च्या सुमारास रॅडक्लिफ आणि जॉन्सन यांनी सोडवलं, ताणा गुंडाळलेला बीम मागावर चढायच्या आधीच खळ लावायचं यंत्र काढून. सायझिंगवाल्यांची पोरं त्या तासाला छाती काढून बसायची.

सर एवढ्यावर थांबायचे नाहीत. यंत्रानं एकाचं अडलेलं सुटलं, मग कुणाचं अडलं हेही विचारायचे. 1826 मध्ये लँकेशायरच्या उपाशी हातमागवाल्यांनी यंत्रमाग फोडले ते त्यांनीच सांगितलं. व्हिटनीच्या 1793 च्या जिननं सरकी काढायचं काम सोपं झालं, पण त्यामुळं अमेरिकेत कापसाची शेती एवढी वाढली की 1790 मध्ये सात लाखांच्या आसपास असलेले गुलाम 1860 पर्यंत जवळपास 40 लाख झाले, हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. आणि 1904 मध्ये आपल्या गावात विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं, हेही त्याच धड्यात यायचं, पुस्तकात नसलं तरी.

पुढं मी टेक्स्टाइलचं शिकलो, आज शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या मागांच्या मेंटेनन्सचं काम करतो. शाळेच्या अमृतमहोत्सवाला सर येणार आहेत असं कळलं, त्यांना सुल्झर या स्विस कंपनीच्या मागाचं सांगायचंय, कारण आमचा धडा यंत्रमागापाशी संपायचा. धोट्याच्या पोटात अख्खी कांडी, म्हणजे वारभर सूत पलीकडं न्यायला अर्धा किलोच्या आसपासचं लाकूड फेकायचं आणि लगेच थांबवायचं, वेग वाढवायचा तरी किती? तिथं अडलं होतं. 1953 पासून सुल्झरचे माग बाजारात आले, त्यात सुताचा साठा मागाच्या बाजूलाच राहतो आणि साधारण 40 ग्रॅमचा लोखंडी तुकडा फक्त सुताचं टोक पकडून पळतो.