कासवांचा पगार कोण देतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्याआधी मालवणच्या मामांनी विचारलं होतं, "तुज्या त्या कासवांचो पगार कोण देता गो?" पुण्यातल्या मैत्रिणी जरा सभ्य शब्दांत विचारतात, "फंडिंग कुठून येतं?" प्रश्न एकच. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो तोंडावर कुणी विचारत नाही: जिथे कुणी जात नाही अशा बेटासाठी लोकांकडे पैसे मागताना तुला काही वाटत नाही का?

वाटतं. पण आधी पहिल्या प्रश्नाचं.

मी काही वर्षं हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशात, माहे बेटावर राहून अल्डाब्रा नावाच्या बेटासाठी निधीचे अर्ज लिहायचं काम केलं. अल्डाब्राचे फोटो मी तुम्हाला इतके पाठवलेत की आता वर्णन करत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की ते तुकड्या-तुकड्यांचं प्रवाळबेट सेशेल्सचंच, पण माहेपासून 1,100 किलोमीटरहून दूर आहे, तिथे हॉटेल नाही, धावपट्टी नाही, आणि लाखभर महाकाय कासवं आहेत. 1982 पासून जागतिक वारसास्थळ. वस्ती म्हणजे पिकार्ड नावाच्या तुकड्यावरचं संशोधन केंद्र आणि तिथली मूठभर माणसं. तुकड्यांपैकी एकाचं नाव मलबार आहे, हे ऐकून मामा फार खूश झाले होते.

तर या बेटाचा खर्च बऱ्याच अंशी दुसऱ्याच बेटावरून निघतो. प्रालँवर व्हॅले द माय नावाचं माडांचं रान आहे, जेमतेम साडेएकोणीस हेक्टर. तिथे दर्याचा नारळ होतो. आपल्याकडे फकिरांच्या हातात काळा, होडीच्या आकाराचा कटोरा असायचा ना, तो त्याच नारळाच्या करवंटीचा. लाटांबरोबर वाहत आपल्या किनाऱ्याला लागायचा म्हणून त्याला दर्याचा म्हणायचे. आता तो नारळ बघायला युरोपातून माणसं येतात, तिकीट काढतात, तासाभरात फिरून परत जातात. दोन्ही जागा 1979 मध्ये स्थापन झालेल्या एकाच सार्वजनिक न्यासाकडे आहेत. त्यामुळे प्रालँच्या फाटकावर फाडलेल्या तिकिटातून अल्डाब्राच्या जनरेटरचं डिझेल येतं. तिकीट काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना अल्डाब्रा हे नावही ठाऊक नसतं.

ही व्यवस्था मला तेव्हाही हुशारीची वाटायची आणि आजही वाटते. फक्त ती पर्यटकांच्या विमानांवर उभी आहे. मार्च 2020 नंतर विमानं थांबली, तेव्हा कासवांची भूक काही थांबली नाही, असं मी एका अर्जात लिहिलं होतं. वाक्य खोटं होतं. कासवांना आमच्या पैशाची गरजच नाही, ती आपलं गवत खातात. गरज असते ती डिझेलला, बोटीच्या इंजिनाला, तांदळाला, आणि महिनोन्‌महिने तिथे राहून किनारे चालणाऱ्या मुलामुलींच्या पगाराला.

इथेच सगळी गंमत आहे. बोटीच्या इंजिनाला पैसे द्यायला कुणी तयार नसतं. देणगीदाराला सुरुवात आणि शेवट असलेली गोष्ट हवी असते. बकऱ्या हटवा, हो. मोकाट सुटलेल्या बकऱ्या 2012 पर्यंत अल्डाब्रावरून संपवल्या गेल्या. शेजारच्या असम्प्शन बेटावरचे बुलबुल काढा, हो. बुलबुल म्हणजे आपल्या कोकणातल्या परसात शेंडी उभारून बसतो तोच शिपाई बुलबुल. कुणीतरी मॉरिशसहून तिथे नेला आणि तो माजला. अल्डाब्रावर पोचू नये म्हणून पाच हजारांहून अधिक मारावे लागले. त्याला युरोपीय महासंघाचा पैसा होता. हे सांगितलं की मैत्रिणींचे चेहरे पडतात, पण ज्या कामाला आकडा असतो त्याला पैसा मिळतो. बुलबुल पुन्हा आला का, हे पुढची वीस वर्षं बघत बसायला कोण देणार?

हिरव्या समुद्री कासवांचं घ्या. अल्डाब्रावर त्यांची शिकार 1968 मध्ये बंद झाली. त्या सुमारास वर्षाला 2,000 ते 3,000 घरटी होत असावीत असा अंदाज आहे. पन्नास वर्षांनंतर तो आकडा 15,000 च्या आसपास गेला. हे कळलं कारण कुणीतरी दर वर्षी, कंटाळा न करता, वाळूतल्या खुणा मोजत राहिलं. या कासवाला वयात यायलाच दोन-तीन दशकं लागतात. अनुदान तीन वर्षांचं. तिसऱ्या वर्षीच्या अहवालात मी "प्रभाव" या रकान्यात काय लिहायचं?

"मग आपल्या मालवणासाठी का नाही मागत?" हाही प्रश्न येतोच. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, आणि तिथल्या मच्छीमारांना ते कधीच पटलं नाही, हे मला सेशेल्समध्ये बसून कुणी शिकवायची गरज नाही, मी तिथलीच आहे. पण मालवणला पर्यटक आहे, आमदार आहे, भांडायला माणसं आहेत. अल्डाब्राला मतदार नाही. आणि एक गैरसमज काढून टाका: आपल्याकडच्या कंपन्यांना समाजकार्यावर खर्च करावा लागतो तो सीएसआरचा पैसा मी तिकडे वळवू शकत नव्हते, देशाबाहेरचा खर्च त्यात धरलाच जात नाही. मी मालवणच्या तोंडचा घास पळवला, असं निदान म्हणू नका. (मामा अजूनही म्हणतात.)

आता ज्याबद्दल मी सहसा बोलत नाही ते.

2019 मध्ये अल्डाब्रावर मोठी सफाई झाली. सेशेल्सचे आणि ऑक्सफर्डचे स्वयंसेवक पाच आठवडे राबले आणि 25 टन कचरा बाहेर काढला. जाळी, दोर, बोये आणि चपला, चपलांचे ढीग. नंतर हिशेब मांडला गेला: अजून सुमारे 513 टन तिथेच आहे, टनामागे जवळपास 8,900 डॉलर लागतात, सगळा काढायचा तर 46 लाख डॉलरहून जास्त. आम्ही अर्ज लिहिणारे या आकड्यांवर तुटून पडलो. इतका स्वच्छ आकडा आमच्या धंद्यात क्वचित मिळतो.

त्यावरच एका परदेशी देणगीदार संस्थेबरोबर आमचा व्हिडिओ कॉल होता, 2020 मध्ये. समोर एक शांत, व्यवस्थित तयारी करून आलेल्या बाई. माझ्या शेजारी माझी सहकारी, माहेचीच, माझ्याहून वयाने मोठी, या कामात मुरलेली. ठरलं होतं की प्रश्न काहीही येवो, आपण टन, स्वयंसेवक आणि फोटो यांवर राहायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सफाईनंतर किनारा किती काळ स्वच्छ राहील?"

मी म्हणाले, "पुढच्या भरतीपर्यंत."

मी विनोद करत नव्हते. पुढे बरंच बोलले. वजनाने बघितलं तर त्यातला 80 टक्क्यांहून अधिक कचरा मासेमारीचा आहे, तो सेशेल्सच्या माणसांनी टाकलेला नाही, तो येतच राहणार. तरी काढायचा, कारण अंडी घालायला वर चढणारी कासवं त्यात अडतात. घर रोज झाडतो तसं. बाईंनी नोंद केली. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही नेमके कशाचे पैसे देतोय?" याचं उत्तर माझ्याकडे होतं: तिथे माणसं असण्याचे. पण ते म्हणेपर्यंत वेळ संपली होती, आणि खरं सांगायचं तर ते त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसलं नसतं. नकाराची मेल दोन ओळींची होती. परिणाम टिकाऊ दिसत नाही, वगैरे.

मेलचं मला फार लागलं नाही. सहकारी जे बोलली ते लागलं. ती ओरडली नाही. लॅपटॉप मिटत म्हणाली, "खरं बोलणं तुला परवडतं. तुला परत जायला देश आहे. माझा भाचा त्या बेटावर कामाला आहे, त्याचा पगार याच उत्तरावर होता." मी म्हणाले, खोटं बोलून मिळालेला पैसा तीन वर्षांनी परत प्रश्न विचारतो. ती म्हणाली, "तीन वर्षं तर मिळाली असती." त्यावर मला काही सुचलं नाही. पुढे माझं कंत्राट वाढवायला पैसे नव्हते आणि मी खरंच परत आले. तिने म्हटलं होतं तसंच.

तेव्हापासून माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. त्या वेळची मी म्हणते, देणगीदाराला खरा समुद्र दाखवला नाही तर तो कायम सफाईचेच पैसे देईल, बोटीचे कधीच देणार नाही. आजची मी म्हणते, बाई, तू एका माणसाला चाळीस मिनिटांत बदलायला निघाली होतीस, आणि भाड्याने घेतलेली बोट कुणाचं मन बदलेपर्यंत थांबत नाही. दोघींचंही मला पटतं. बरं, नंतर ऑक्सफर्डच्याच एका अभ्यासात दिसलं की सेशेल्सच्या दूरच्या बेटांना लागणारा, जमिनीवरून समुद्रात गेलेला कचरा मुख्यतः इंडोनेशियातून आणि त्याखालोखाल भारत-श्रीलंकेतून वाहत येतो. तेव्हा "आपला काय संबंध" हा प्रश्न तरी मला यापुढे विचारू नका.

शिवाय पैसा आला की बेट वाचतं, यावरही माझा पूर्ण विश्वास उरलेला नाही. साठच्या दशकात ब्रिटनला अल्डाब्रावर हवाई तळ बांधायचा होता. शास्त्रज्ञांनी रान उठवलं, पण नोव्हेंबर 1967 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि योजना बारगळली. पुढे आपल्याच सरकारला असम्प्शनवर लष्करी सोयी उभारायच्या होत्या. 2018 मध्ये सेशेल्सच्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. त्या दिवसांत भाजीवालीसुद्धा मला विचारायची, "तुम्हा लोकांना आमचं बेट कशाला हवंय?" मी अर्ज लिहिते, एवढंच उत्तर मला देता यायचं.

आता त्याच असम्प्शनवर परदेशी पैशातून आलिशान रिसॉर्ट उभं राहतंय. अल्डाब्रापासून सत्तावीस किलोमीटर. सामानाच्या बोटी येणार म्हणजे उंदीर, बिया, मुंग्या येणार, आणि त्यांच्यावर पाळत ठेवायला माणसं लागणार, म्हणजे पुन्हा पगार. गेल्या महिन्यात सहकारीचा मेसेज आला. कॉलनंतर आम्ही फारशा बोललो नव्हतो. तिने सरळ विचारलं: पाळतीचा खर्च रिसॉर्टवाल्यांकडेच मागायचा म्हटला, तर अर्ज लिहून देशील का? जुनी मी तिला तिथल्या तिथे नाही म्हणाली असती. मी दोन दिवस घेतले, आणि मग बजेटची शीट पाठव म्हणून लिहिलं. डिझेल आणि पगार पहिल्या ओळीत टाक, असंही लिहिलं. अर्ज लिहीन की नाही, ते तिलाही अजून सांगितलेलं नाही.