तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे बोगस मतदान होतं का?

मी विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला राहते हे कळलं की पुण्या-मुंबईकडचं कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडे अमेरिकेत बोगस मतदान होतं का हो?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा तयार असतं. काहींना ‘छे, इकडे कसलं!’ ऐकायचं असतं, काहींना ‘पळसाला पानं तीनच’. मी यातलं काहीच म्हणत नाही. आमच्या विस्कॉन्सिनची 1855 सालची गव्हर्नरपदाची निवडणूक सांगते आणि पुढचं ज्याचं त्याच्यावर सोडते. (इथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, तेव्हा राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्री डोळ्यांसमोर आणा.)

विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळाला 1848 साली, म्हणजे राज्य अगदीच नवं होतं. गव्हर्नर होता डेमोक्रॅटिक पक्षाचा विल्यम बारस्टो. सरकारी छपाईची कंत्राटं, शाळांच्या जमिनींचा पैसा अशा भानगडींमुळे त्याच्या कारभाराची बरीच बदनामी झाली होती. पण दारूबंदीचं विधेयक त्यानं अडवलं होतं, त्यामुळे बिअरवर प्रेम करणारे जर्मन मतदार त्याच्यावर खूश होते. समोर उभा होता कोल्स बॅशफर्ड, वर्षभरापूर्वीच जन्मलेल्या रिपब्लिकन पक्षाचा.

नोव्हेंबरात मतदान झालं आणि निकाल काही लागेना. उत्तरेकडच्या जंगलपट्टीतल्या काउंट्यांची (म्हणजे जिल्ह्यांची) मतमोजणीची पत्रकं मागाहून येत राहिली. डिसेंबरात राज्याच्या मतमोजणी मंडळानं जाहीर केलं की बारस्टो 157 मतांनी विजयी. सुमारे 72 हजार मतांत 157! मंडळावरचे तिन्ही अधिकारी बारस्टोच्याच पक्षाचे होते, हे सांगायला नकोच.

7 जानेवारी 1856 ला मॅडिसनमध्ये बारस्टोनं वाजतगाजत शपथ घेतली, मिरवणुकीत शिबंदी वगैरे सगळं होतं. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाच्या दालनात सरन्यायाधीश व्हिटन यांनी मोजक्या माणसांसमोर बॅशफर्डलाही शपथ दिली. एकाच खुर्चीसाठी शपथ घेतलेली दोन माणसं आता एकाच गावात वावरत होती. खुर्चीवर मात्र बारस्टोच बसलेला होता.

बॅशफर्ड कोर्टात गेला. कायद्याच्या भाषेत हा ‘को वॉरंटो’चा खटला, म्हणजे ‘कोणत्या अधिकारानं या पदावर बसला आहेस ते सांग’. आता ही पद्धत ऐकून गुळगुळीत वाटते, पण एका राज्याच्या कोर्टानं बसलेल्या गव्हर्नरला हे विचारावं, हे तेव्हा पचणं सोपं नव्हतं. बारस्टोचा वकील मॅट कार्पेंटर फार हुशार माणूस. त्याचा युक्तिवाद असा की कायदेमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका या तिन्ही शाखा बरोबरीच्या आहेत, एकीनं दुसरीच्या प्रमुखाला जाब विचारायचा नाही, आणि मोजणी मंडळानं दिलेला निकाल अखेरचा. मला विचाराल तर हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. त्याची मेख एवढीच की तो मान्य केला तर मोजणारे आपले असले की पुरतं, मतदार नसले तरी चालतं.

दुसऱ्या बाजूला बॅशफर्डच्या वकिलांत एडवर्ड रायन होता आणि रायन स्वतः पक्का डेमोक्रॅट, म्हणजे बारस्टोच्याच पक्षाचा. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडतं ते हे.

कोर्टानं आपल्याला अधिकार आहे असं ठरवलं, तसे बारस्टोचे वकील खटल्यातून बाहेर पडले. कोर्ट थांबलं नाही, पुरावे बघत राहिलं. मग मजा बाहेर आली. डन काउंटीतलं गिल्बर्ट्स मिल्स, पोल्क काउंटीतलं स्प्रिंग क्रीक अशा नावांनी मतं आली होती, पण तिथे मतदान केंद्रच नव्हतं. कुठे झाडं होती, माणसं नव्हती. एकमेकांपासून लांबच्या ठिकाणांची पत्रकं एकाच जातीच्या कागदावर लिहिलेली निघाली आणि तसला कागद मॅडिसनच्या सरकारी कचेरीत वापरात होता. एवढा घाट घालायचा आणि कागद बदलायचं सुचू नये!

21 मार्चला बारस्टोनं राजीनामा दिला. त्याचा लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, आर्थर मॅकआर्थर खुर्चीवर बसला (दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल डग्लस मॅकआर्थरचा हा आजोबा). 24 मार्चला तिन्ही न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला: बॅशफर्ड 1009 मतांनी विजयी. दुसऱ्या दिवशी बॅशफर्ड शेरिफला घेऊन गव्हर्नरच्या दालनात गेला. बळ वापरणार का, असं मॅकआर्थरनं विचारलं. गरज पडू नये, पडलीच तर वापरू, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मॅकआर्थर उठून बाहेर पडला. हे घडलं ती इमारत आता नाही, आज मॅडिसनमध्ये दिसते ती राज्य सरकारची घुमटाची इमारत 1917 साली पुरी झाली.

इथवर ऐकून लोक खूश होतात, सत्याचा विजय वगैरे. मग मला पुढचं सांगावंच लागतं. त्याच 1856 साली रेल्वेला द्यायच्या सरकारी जमिनींचा प्रश्न आला. ला क्रॉस अँड मिलवॉकी रेल्वेनं आमदारांना रोखे वाटले. बॅशफर्डच्या वाट्याला 50 हजार डॉलरचे रोखे आले आणि ते त्यानं घेतले. पुढे कंपनी बुडाली, पण त्याआधीच यानं आपले रोखे मोडून पैसे केले होते.

"म्हणजे कोर्टानं चोरालाच बसवलं की!" असं मग हमखास ऐकू येतं. मला हे पटत नाही. दोघांत सज्जन कोण, हे कोर्टापुढे नव्हतंच. मतं कुणाला जास्त, एवढंच होतं आणि ती बॅशफर्डला होती. सज्जन शोधून खुर्चीवर बसवायचं काम न्यायाधीशांकडे दिलं असतं, तर कार्पेंटरची भीती खरी ठरली असती.

बॅशफर्ड 1857 साली पुन्हा उभा राहिला नाही. गव्हर्नर झाला अलेक्झांडर रँडल, खटल्यात बॅशफर्डच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांपैकीच एक. रेल्वेच्या लाचेची विधिमंडळानं चौकशी केली ती 1858 मध्ये, रँडलच्याच कारकिर्दीत. तोवर बॅशफर्डकडे पदही उरलं नव्हतं. काही वर्षांनी तो पश्चिमेला गेला आणि नव्यानं स्थापन झालेल्या अ‍ॅरिझोना प्रदेशाचा पहिला अ‍ॅटर्नी जनरल झाला.