रॉकी माउंटनचं दोन डॉलरचं परमिट – माझा अनुभव

अमेरिकेतल्या कोलोरॅडोची सहल आखताना विमान, भाड्याची गाडी आणि राहायची जागा दोन रविवारांत उरकलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते दोन डॉलरच्या एका परमिटावर, आणि खरं सांगायचं तर त्याच्या नावातल्या एका अधिकच्या चिन्हावर. अजून आठवलं की चिडचिड होते, म्हणून सविस्तर लिहितो.

रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये उन्हाळ्यात नुसते प्रवेशाचे पैसे भरून गाडी आत नेता येत नाही. कधी शिरणार ती वेळ आधी आरक्षित करावी लागते. २०२५ साली हा नियम २३ मे ते १३ ऑक्टोबर होता आणि बेअर लेकच्या रस्त्यासाठी १९ ऑक्टोबरपर्यंत. दर वर्षी तारखा सरकतात, नियमही बदलतात, तेव्हा आपल्या वर्षाचं पार्कच्या पानावर पाहूनच ठरवा.

परमिटं दोन प्रकारची. एक ‘टाइम्ड एंट्री’, दुसरं ‘टाइम्ड एंट्री प्लस’. पैसे दोन्हीला सारखेच, दोन डॉलर, आणि रद्द केलं तर ते परत मिळत नाहीत. साधं परमिट सकाळी ९ ते दुपारी २ या वेळात शिरण्यासाठी लागतं आणि त्यावर बेअर लेकचा रस्ता सोडून बाकीचं पार्क बघता येतं. प्लसवर तो रस्ताही चालतो आणि बाकीचं पार्कही. बेअर लेकच्या रस्त्यावर निर्बंध पहाटे ५ ते संध्याकाळी ६ असा जवळपास दिवसभर असतो.

आता गंमत अशी, की फोटोत पाहून आपण ज्यासाठी जातो ती बेअर लेक, निम्फ लेक, ड्रीम लेक, एमराल्ड लेक, स्प्रेग लेक ही सगळी तळी त्या एकाच रस्त्याने गाठायची असतात. मी ‘प्लस’ म्हणजे काहीतरी जादा सोय असेल, आपल्याला काय करायचीय, असं समजून साधं परमिट घेतलं. कार्टमध्ये पडलं, पैसे गेले, मेल आला, मी निश्चिंत. चूक कळेपर्यंत आमच्या तारखेची प्लसची सगळी परमिटं संपली होती. तेव्हा बटण दाबण्याआधी नावात प्लस आणि बेअर लेक आहे का, हे दोनदा वाचा.

दुसरा घोळ तारखेचा. आरक्षण ‘एक महिना आधी’ उघडतं हे ऐकून मी आमच्या तारखेच्या बरोबर तीस दिवस आधीवर गजर लावला होता. तसं नसतं. महिन्याच्या १ तारखेला पुढच्या अख्ख्या महिन्याची परमिटं एकदम सुटतात. जुलैचा कुठलाही दिवस हवा असेल तर १ जून. वेळ सकाळी ८, पण ती माउंटन टाइमची. उन्हाळ्यात कोलोरॅडोतलं डेन्व्हर शहर आपल्या साडेअकरा तास मागे असतं, म्हणजे भारतात त्याच दिवशी संध्याकाळचे साडेसात. डॅलसला बसून कोणी काढणार असेल तर ९, न्यू जर्सीत १०, कॅलिफोर्नियात ७. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘सकाळी ८’ एवढंच फिरलं आणि प्रत्येकाने आपापल्या घड्याळातले आठ धरले.

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं. खातं आदल्या दिवशीच उघडा, कार्ड नोंदवून ठेवा, पाच मिनिटं आधी लॉग-इन करून बसा. परमिट गाडीमागे एक, माणसांमागे नाही. सहाजण एका गाडीत असाल तर एकच पुरे, दोन गाड्या असतील तर दोन. जो प्रत्यक्ष गाडीत असणार आहे त्याच्याच नावाने काढा, फोटो असलेलं ओळखपत्र सोबत ठेवा. शिरायला दोन तासांची मुदत मिळते. एकदा आत गेलात की कितीही थांबा. सकाळचे स्लॉट आधी संपतात. त्यांच्यामागे लागून काहीच हाती न येण्यापेक्षा दुपारचा प्लस उचललेला बरा.

आणि नाहीच मिळालं तर? काही परमिटं मुद्दाम राखून ठेवलेली असतात आणि आदल्या संध्याकाळी ७ वाजता सुटतात. आमचं प्लस शेवटी असंच मिळालं. तेव्हा हॉटेलच्या वाय-फायवर बसा, घाटात फिरत राहू नका. मोबाइलला पार्कमध्ये रेंज जवळपास नसतेच, त्यामुळे परमिटही आधीच डाउनलोड करून ठेवायचं.

याहून सोपी वाट मला उशिरा सुचली: निर्बंधाच्या वेळा टाळायच्या. सकाळी ९ च्या आत फॉल रिव्हर प्रवेशद्वाराने शिरलात तर पार्कमधल्या उंच डोंगरावरून जाणाऱ्या ट्रेल रिज रोडला परमिट लागत नाही. तसंही त्या रस्त्यावर सकाळीच जावं, कारण दुपारी ढग जमतात, विजा पडतात आणि वर आडोशाला एक झाड नसतं. बेअर लेकला संध्याकाळी ६ नंतर परमिटाशिवाय जाता येतं. जुलैमध्ये आठपर्यंत चांगला उजेड असतो, तळ्याभोवतीची पाऊण मैलाची फेरी आरामात होते. हे आधी कळलं असतं तर निम्मी धावपळ वाचली असती.

परमिट म्हणजे प्रवेशशुल्क नव्हे, ते वेगळं. २०२५ मध्ये गाडीला एका दिवसाचे ३० डॉलर होते, सात दिवसांचे ३५. गेटवर रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. २०२६ पासून मात्र भारतातून येणाऱ्यांचं गणित बदललं आहे: रॉकी माउंटनसह अकरा पार्कांत १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा, नाहीतर २५० डॉलरचा वार्षिक पास. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे खर्चात आधीच धरावं. यलोस्टोन, ग्रँड टीटनही त्याच यादीत आहेत, त्यामुळे दोन पार्कं करणार असाल तर पासच परवडतो.

परमिट मिळालं म्हणजे पार्किंग मिळालं असं नाही. बेअर लेकचा वाहनतळ लवकर भरतो. त्याच रस्त्यावर पार्क अँड राइड आहे, तिथे गाडी लावून फुकटच्या शटलने वर जा. ज्येष्ठांसाठी स्प्रेग लेक उत्तम, वाट सपाट आहे, व्हीलचेअर चालते. एमराल्ड लेक एका बाजूने १.८ मैल आणि चढाचं.

उंचीचं राहिलंच. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे विमानातून उतरता तेच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर. पार्कला लागून असलेलं एस्टेस पार्क हे गाव साडेसात हजार आणि ट्रेल रिज रोडचा सर्वात उंच भाग १२,१८३ फूट. पहिल्याच दिवशी वर जाऊ नका. निदान एक रात्र डेन्व्हरला आणि एक एस्टेस पार्कला काढा. पाणी सतत पीत राहायचं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

पेट्रोल एस्टेस पार्कलाच भरा, पार्कमध्ये पंप नाही. डेन्व्हर विमानतळावरून निघताना नकाशा ई-४७० या टोलच्या महामार्गावर घालतो. तिथे टोलनाका दिसत नाही, नंबरप्लेटवरून बिल लागतं आणि गाडी भाड्याने देणारे त्यावर आपलं शुल्क चढवतात. नकाशात ‘टोल टाळा’ करून ठेवा.

भाड्याच्या घरात स्वयंपाक करणार असाल तर छोटा कुकर न्या. एस्टेस पार्कला पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कचकचीत राहते. कुकरलाही नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त लागतात. चिवड्याची पाकिटं वर फुग्यासारखी टम्म होतात, त्याने काही बिघडत नाही. दह्याचा डबा मात्र तोंडापासून लांब धरून उघडा.