हळदीच्या हाताची बॉक्सर

शॉर्टफिल्मवाली पोरं रंगभूषाकाराला बोलावतात ती बहुतेक वेळा रक्तासाठी. गोरं करायला, सुरकुत्या घालवायला आता फोनमध्येच सोय आहे. जखमेला अजून माणूस लागतो. सांगलीत या धंद्याचं वय मोठं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ इथं उभं केलं, तेव्हापासून या गावात कुणी ना कुणी दुसऱ्याच्या तोंडाला रंग लावत आलंय. आमच्या आधीच्यांनी सफेदा, पिवडी, हिंगूळ यांवर दिवस काढले. मी सिलिकॉन, जिलेटिन आणि साखरेच्या पाकावर काढतो. पाकात खायचा लाल रंग, आणि रक्त फारच भडक दिसायला लागलं तर चिमूटभर कोको.

बॉक्सिंगवरच्या शॉर्टफिल्मचं हे काम आलं तेव्हा मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात होते. दिग्दर्शक म्हणजे पुण्यात शिकून परत आलेला, विश्रामबागेतला पोरगा. त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. “काका, शेवटच्या राऊंडला तिचा डोळा असा बंद पाहिजे. अगदी असाच.”

तो डोळा मला पाठ होता. १९७६ चा ‘रॉकी’, चेहरा सिल्व्हेस्टर स्टॅलनचा, काम मायकेल वेस्टमोरचं. चार वर्षांनी याच वेस्टमोरनं ‘रेजिंग बुल’साठी रॉबर्ट डी नीरोला बॉक्सर जेक लामोटाचं नाक दिलं. त्या भूमिकेसाठी डी नीरोनं वाढवलेल्या वजनाचं कौतुक करताना लोक थकत नाहीत. माझी नजर नाकावरून हलत नाही. आणि गंमत बघा, ऑस्करमध्ये रंगभूषेचा पुरस्कार दरवर्षी द्यायला सुरुवात झाली ती १९८१ च्या चित्रपटांपासून. दोन्ही चित्रपट त्याच्या आधीचे. असो, आमच्या धंद्यात हे चालायचंच.

गोष्ट साधी होती. पोरगी सकाळी आईबरोबर हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडते, संध्याकाळी बॉक्सिंग शिकते. घरी सांगितलंय, कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. शेवटी जिल्ह्याच्या फायनलला गुणांवर हरते. रिंग उभी केली होती मिरज रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, दोन लग्नांच्या मधल्या रिकाम्या तारखेला. मागच्या स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. त्या कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून एक पोरगं दिवसभर काळं कापड धरून उभं.

‘रॉकी’तली शेवटची लढत उलट्या क्रमानं चित्रित केली होती. आधी पंधरावा राऊंड, चेहरा पूर्ण सुजलेला. मग एकेक सूज, एकेक जखम उतरवत पहिल्या राऊंडकडे. दिग्दर्शकालाही तसंच करायचं होतं. म्हणून उजाडायच्या आत मी नायिकेला खुर्चीत बसवलं. कॉलेजच्या एकांकिकांतून आलेली पोरगी, मान अजिबात हलवत नव्हती. सिलिकॉनचा डोळा मी घरी रात्री जागून ओतला होता. कडा इतक्या पातळ, की चिकटवल्यावर कातडी कुठं संपते ते माझं मलाच शोधावं लागलं. जांभळा, त्यावर हिरवट पिवळा, भुवईवर चीर, चिरेतून पाकाची धार. आरशात बघून पोरगी म्हणाली, “काका, मला दुखायलाच लागलं.” याहून मोठी पावती आम्हाला मिळत नाही.

तेवढ्यात कोच आले. फौजेतून निवृत्त झालेले, आता गावातल्या पोरापोरींना शिकवतात. लढतीची जुळवाजुळव त्यांच्याकडं होती. दारातच थांबले.

“काय ओ, ही कुठल्या गाडीखाली आली म्हणायची?”

“शेवटचा राऊंड आहे सर,” दिग्दर्शक म्हणाला.

“ते कळलं. पर हेडगार्ड कुठं हाय? पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतनं हेडगार्ड गेलं २०१३ ला. बायकांचं हाय अजून. हेडगार्डात भुवई अशी फुटत न्हाई. अन् समजा फुटली, तर रेफरी लढत थांबवून डॉक्टरला बोलावणार. तुमच्या पिक्चरात पोरगी सोलून निघालीया अन् रेफरी बघत उभा हाय व्हय?”

“पण रॉकीमध्ये...”

“ते पैशाचं बॉक्सिंग. तवा पंधरा राऊंड असायचे. हितं तीन राऊंड, तीन-तीन मिनिटांचे. मधी एक मिनिट दम. संपला विषय.”

दिग्दर्शकानं माझ्याकडं पाहिलं. मी पोरीच्या डोळ्याकडं पाहिलं. खरं सांगायचं तर कोचचा रागच आला होता. पण त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं. “उतरवा काका,” असं दिग्दर्शक म्हणाला तेव्हा त्याचाही आवाज पडला होता.

चिकटवलेलं सिलिकॉन घाईनं काढलं तर कातडी सोलवटते. तेलाचा बोळा कडेनं फिरवत बसावं लागतं. त्या वेळात दिग्दर्शक शेजारी खुर्ची ओढून बसला आणि विचारू लागला, सूज नाही, रक्त नाही, मग हिनं काय सोसलंय ते बघणाऱ्याला कळणार कसं?

मी त्याला विचारलं, ‘मिलियन डॉलर बेबी’तली हिलरी स्वँक तुला पहिल्यांदा कधी पटली? मला तिचा एकही ठोसा नीट आठवत नाही. हॉटेलात वाढपाचं काम करताना गिऱ्हाइकाच्या ताटात उरलेला मांसाचा तुकडा ती गुपचूप गुंडाळून घेते, ते आठवतं. क्लिंट ईस्टवुडनं २००४ साली त्या एका तुकड्यात तिची सगळी भूक दाखवून टाकली. पुढं ती जे मारते ते सगळं त्या भुकेतून येतं. ‘रॉकी’ पाहिलेल्या कितीतरी जणांना तो शेवटी जिंकतो असंच आठवतं. तो हरतो. शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहायचं एवढंच त्यानं स्वतःशी ठरवलेलं असतं, आणि पंचांचा निकाल सांगितला जात असताना तो आपल्या प्रेयसीला, एड्रियनला, हाका मारत असतो. पा. रंजितच्या ‘सारपट्टा परंबरै’त आणीबाणीच्या काळातलं मद्रास आहे, बंदरावरचा हमाल आहे आणि त्याला रिंगपासून लांब ठेवायला धडपडणारी आई आहे. ‘मुक्काबाज’मधला श्रवण रिंगच्या आत कमी आणि बाहेर, जातीच्या आणि सत्तेच्या माणसांशी, जास्त लढतो. ठोसे सगळ्यांत आहेत, चांगलेही आहेत. पण ते नुसते ठोसे असते तर आपण टीव्हीवर खरी लढत बघितली नसती का? तीत तर निकालही आधी माहीत नसतो.

एवढं लंबंचवडं मी एरवी बोलत नाही. हातातला डोळा जात होता, त्याचा राग कुठंतरी काढायचा होता.

नवी रंगभूषा अर्ध्या तासात झाली. हेडगार्डच्या पट्ट्याचा हनुवटीखाली वळ, कपाळावर आणि गालांच्या कडेला दाबाचा लालसर पट्टा, नाकाच्या शेंड्याला जरा लाली, ग्लिसरीन-पाण्याचा घाम, मानेला चिकटलेले केस. कोचनी लांबून बघून मान हलवली, म्हणजे पसंत. सकाळभर लढत चालली. कोचच्या पोरी आमच्या नायिकेला जपून मारत होत्या, तरी एक-दोन बसलेच.

खरा प्रकार दुपारी झाला. जेवायची सुट्टी होती. ड्रेपरी सांभाळणाऱ्या पोरानं हाताच्या पट्ट्या धुवायला घेतल्या. बॉक्सर ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळतात त्या कापडी पट्ट्या, साडेचार मीटरपर्यंत लांब. आदल्या दिवशी नायिका मार्केट यार्डात हळद निवडायची सवय करून आली होती. नखं, तळव्यांच्या रेघा, सगळं पिवळं. तेच घामानं पट्ट्यांत उतरलेलं. पोरानं बादलीत पट्ट्या टाकल्या, वर कपड्याचा साबण घासला आणि किंचाळत आत आलं.

“काका, रक्त! पोरीच्या हाताला लागलंय!”

दिग्दर्शक ताट टाकून धावला. बादलीत तांबडं पाणी, पट्ट्यांवर लालभडक डाग. तो माझ्यावरच घसरला, “काका, हे कशाला लावलं? रक्त नको ठरलं होतं ना?”

आईचं काम करणाऱ्या बाई हात धुवायला तिथंच आल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. घरात डाळीचा हात पुसलेला टॉवेल धुणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, नुसत्या पाण्यात खळबळली की परत पिवळी. साबणात, सोड्यात, चुन्यात अल्कली असतं, त्यानं हळदीतलं कुरकुमिन रंग पालटतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते यामुळंच. पुण्यातल्या शाळेत कॅमेरा शिकवतात, हे शिकवत नसावेत.

दिग्दर्शकाच्या डोक्यात लगेच सीन तयार झाला. आईला घरातल्या बादलीत पट्ट्या सापडतात, पाणी लाल होतं, ती हादरते. “काका, आपलं रक्त हेच!”

“हादरते कशी?” बाई म्हणाल्या. “जन्म हळदीत गेलाय तिचा. साबणाची लाली तिला रक्त वाटंल व्हय? बघणाऱ्याला वाटू दे. तिला न्हाई.”

सगळे गप्प झाले. मग बाईंनी बसल्या जागी करून दाखवलं. पट्टी हातात घेतली, आईला काहीच वाटलेलं नाही. साध्या पाण्यात खळबळली, लाल गेलं, पिवळं आलं. पिळली. आणि पिळता पिळता बोटं थांबली, कारण एका जागी रंग पालटलाच नव्हता. चार बोटांच्या गाठी येतात बरोबर तिथं. आईला कळलं, हे हळदीचं नाही.

कोच मागून म्हणाले, “बरोबर हाय. तिथलीच कातडी पहिल्यांदा जाती.”

आता काम माझ्याकडं आलं, आणि सोपं नव्हतं. माझं पाकाचं रक्त पाण्यात पहिल्या खळबळीला निघून जातं. मला साबण आणि पाणी दोन्ही सोसणारा डाग हवा होता. समोरच्या पानटपरीवर गेलो आणि कात मागितला. पान खाणाऱ्याच्या सदऱ्यावरचा डाग कुणाच्या बायकोला निघालाय आजवर? कात पाण्यात उकळून दाट केला, जुन्या चिंधीवर लावून वाळवला, धुऊन पाहिला. साबणात आणखी गडद झाला. मग पट्टीवर चार ठिपके दिले, कडा बोटानं पसरवल्या, उन्हात टाकली.

संध्याकाळी तो सीन मंगल कार्यालयाच्या मागच्या मोरीत घेतला. बाईंनी पहिल्याच टेकला केला. दिग्दर्शकानं दुसरा घेतला, उगाच, काळजीपोटी; पण तोपर्यंत हळद निम्मी धुऊन गेली होती आणि पाणी नुसतं गढूळ दिसलं. रक्ताची बाटली मी सील न फोडता घरी नेली. सिलिकॉनचा डोळा पुढं एका कॉलेजच्या एकांकिकेत अपघाताला लागला, चांगला दिसला म्हणतात.

फिल्म तयार झाल्यावर सगळ्यांना बोलावून दाखवली. मोरीचा सीन लांब ठेवला होता आणि लढत कापून कापून मिनिट-दीड मिनिटावर आणली होती. दिवे लागल्यावर कोच उठले आणि सरळ दिग्दर्शकापुढं जाऊन उभे राहिले. “पिक्चर झकास हाय. पर आमच्या पोरी दिवसभर मार खाल्ल्या त्याचं काय झालं ओ?”