आमचे घंटेवाले मामा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि नंतर दोन आठवडे नुसताच वही उघडून बसलो. आमच्या 1991 च्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं एकच, सरांच्यावर लिही, बाईंच्यावर लिही, गॅदरिंगचं लिही. त्यांच्यावर लिहिणारे खूप असतील आणि त्यांनी लिहायलाच पाहिजे. मला मात्र शाळा म्हटलं की आधी घंटा ऐकू येते आणि घंटा म्हटलं की मामा. शिपाई मामा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, आम्ही पोरं, आमचे आईवडील, हेडमास्तर, कोपऱ्यावरचा भडंगवाला, सगळे मामाच म्हणायचो, म्हणून इथंही मामाच लिहितो.

नवीन पोरांसाठी सांगतो, तेव्हा इलेक्ट्रिक बेल नव्हती. ऑफिससमोरच्या व्हरांड्यात तारेने टांगलेला रुळाचा हातभर तुकडा होता आणि तो वाजवायला एक लोखंडी दांडकं. पहिल्या तासाला एक टोल, दुसऱ्याला दोन, असं. मधल्या सुट्टीला दोन-दोनचे जोड, टण-टण, टण-टण, आणि शाळा सुटताना सलग. मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीला जी छोटी गाडी जायची, अडीच फुटी रुळांची, त्या लाईनचा तो तुकडा होता असं मामा सांगायचे. तो शाळेत कुणी आणला, कधी आणला ते काही त्यांनी सांगितलं नाही, पण "पंढरीच्या वाटंवरचा रूळ हाय बाळा, त्येला उगं दगड मारू नगो" असं मात्र प्रत्येक पाचवीच्या पोराला एकदा तरी सांगितलंय.

टोल दिला की मामा दांडकं बाजूला ठेवून उजवा तळहात त्या रुळावर सपाट टेकवायचे. थरथर पूर्ण थांबेपर्यंत हात तसाच. मला वाटायचं आवाज लांबू नये, वर्गात त्रास होऊ नये म्हणून करत असतील. खरं कारण मला सातवीत कळलं, ते पुढं सांगतो.

मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, डोक्यावर पांढरी टोपी, खाकी युनिफॉर्म इतका धुतलेला की गुडघ्यावर पांढरा पडलेला. त्यांचे वडील आषाढीला पायी जायचे, दरवर्षी. मामांना तसं कधीच जमलं नाही, कारण आषाढी येते ती शाळा नुकतीच उघडलेली असताना. पंधरा-वीस दिवस रजा टाकून जायचं तर नव्या पोरांना वर्ग कोण दाखवणार, पावसात गळणाऱ्या खोल्यांतले बाक कोण हलवणार. म्हणून मामा कार्तिकी करायचे, दिवाळीच्या सुट्टीत, त्या छोट्या गाडीने, सगळं घर बरोबर घेऊन. पायी वारी राहिली याची खंत त्यांना होती, ती ते लपवायचे नाहीत. पण त्याचं ओझं त्यांनी घरावर कधी टाकलं नाही, आणि माझ्या मते त्यांचा मोठेपणा इथंच होता. देवासाठी घर सोडणारे मी पुष्कळ बघितलेत. मामांचा देव घरातच, मामींच्या चुलीशेजारी बसलेला असायचा.

घर म्हणजे शाळेमागच्या दोन खोल्या. मामी, दोन मोठ्या मुली, मग माझ्या वर्गातला त्यांचा मुलगा, आणि सगळ्यात धाकटी. शिवाय मामांची विधवा बहीण आणि तिचा पोरगा. दोन खोल्यांत आठ माणसं आणि वर आमच्यासारखी येणारी-जाणारी. संध्याकाळी सातला हरिपाठ, मग कुणीही आलेलं असो. मामा पखवाज घेऊन बसायचे, बाकीच्यांच्या हातात टाळ, आणि अर्ध्या तासाने मामी उठून भाकरी थापायला लागायच्या. हरिपाठाला ये असं मला त्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. जेवायला ये असं मात्र रोज म्हणायचे.

धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्या काळी सांगलीत सुद्धा असं लेकरू असलं की लोक घरात ठेवायचे, पाहुणे आले की आतल्या खोलीत. मामांनी तिला मूकबधिर शाळेत घातलं, रोज सकाळी सायकलवर पुढच्या दांडीला टॉवेल गुंडाळून त्यावर बसवून सोडायला जायचे आणि तिथून येऊन आमच्या शाळेची कुलपं काढायचे, एक दिवस उशीर नाही. आणि हरिपाठाला तिला पखवाजाला खेटून बसवायचे, तिचा डावा हात पखवाजाच्या खोडावर. ती तेवढ्यावर टाळ वाजवायची, आणि बरोब्बर वाजवायची. मी स्वतः कितीतरी वेळा समोर बसून बघितलंय, आमच्यापैकी एखादा चुकेल पण ती नाही.

तर सातवीतली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा, धाकटी वडिलांबरोबर आलेली आणि आमच्यातल्या तिघा-चौघांनी तिला मुकी मुकी म्हणून चिडवलं, हातवारे करून दाखवले. मी त्यात नव्हतो असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी होतो. तिला ऐकू आलं नाही पण आमची तोंडं दिसत होती. मामांनी ते बघितलं. आम्हाला वाटलं आता हेडमास्तरांकडे नेणार. मामांनी आम्हाला व्हरांड्यात आणलं, मला पुढं घेतलं, माझा तळहात त्या रुळावर ठेवला, माझ्या मागं उभे राहिले आणि आपल्या दोन्ही हातांनी माझे कान घट्ट दाबून धरले. हात खरबरीत, फिनेलचा वास. मग मानेनेच धाकटीला खूण केली. तिने दोन्ही हातांनी दांडकं उचललं आणि टोल दिला.

आवाज अगदी लांबून आल्यासारखा, पण हातात, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत ती थरथर चढली, दातात सुद्धा जाणवली. आणि कमी कमी होत किती वेळ राहिली! मामांनी कान सोडले आणि एवढंच म्हणाले, "तिला आसं ऐकू येतं. आता जा वर्गात." मग एकेकाला तसंच. मारलं नाही, ओरडले नाहीत, घरी सांगितलं नाही. मामा टोल दिल्यावर हात का टेकवतात ते मला त्या दिवशी कळलं. आपली लेक जेवढं ऐकते तेवढं रोज तेही ऐकत होते.

रमजानमध्ये रोजे धरणारी आमच्या वर्गातली पोरं पीटीच्या तासाला मामांच्या खोलीत सावलीला बसायची, सरांना मामाच जाऊन सांगायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे आमची एकादशी आन् त्यांचा रोजा, प्वाट सारखंच रिकामं. एकादशीला स्वतः दिवसभर कडक उपास, तरी मामींनी केलेल्या शाबूच्या खिचडीचा डबा आणायचे, तो कुणासाठी असायचा ते डबा न आणणाऱ्या पोरांना माहीत होतं. मी त्यातलाच एक.

नववीत मला त्यांनी कार्तिकीला बरोबर नेलं. मिरज स्टेशनवर ती गाडी बघून मी खुळाच झालो, खेळण्यातल्यासारखे डबे आणि आत एवढी माणसं की टाळ ठेवायलाही जागा नाही. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, प्रत्येक ठिकाणी अजून माणसं चढायची आणि आधी बसलेले सरकून घ्यायचे. चढाला गाडी इतकी हळू की पोरं उतरून बाजूने चालायची आणि परत चढायची. पंढरपुरात दर्शनाची रांग बघूनच मामींचे पाय गळाले, त्यांना संधिवाताचा त्रास. मामा म्हणाले चला कळस बघू. चंद्रभागेत आंघोळ, वाळवंटात बसून कीर्तन ऐकलं, नामदेव पायरीशी माथा टेकला, कळसाला हात जोडले आणि परतीची गाडी. मी विचारलं, मामा, एवढं येऊन आत नाही गेला? तर म्हणाले, "ही हितं उभी ऱ्हाणार आन् मी आत जाऊन काय सांगू त्येला?" ही म्हणजे मामी.

दहावीत श्रावणात माझे वडील गेले. मार्केट यार्डात हमाली करायचे, पोतं उचलताना छातीत कळ आली आणि तिथंच. आई हळद निवडायला जायला लागली, रात्री जेवताना तिचे हात पिवळे असायचे आणि भाकरीलाही तो वास. मी शाळा सोडली, कुणाला न सांगता, आणि एका अडत दुकानात चिठ्ठ्या लिहायला लागलो. आठव्या दिवशी मामा सायकल घेऊन दारात. शाळेचा विषयच नाही. आईशी पावसाचं बोलले, चहा घेतला, गेले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. असे नऊ-दहा दिवस. शेवटी आईच म्हणाली की मामा, तुम्ही एवढं येताय, ह्याला घेऊनच जावा. बोर्डाच्या फॉर्मची फी त्यांनी भरली हे मला क्लार्ककडून कळलं, त्यांच्याकडून कधीच नाही. परीक्षा होईपर्यंत रात्रीचा अभ्यास त्यांच्या त्या दोन खोल्यांत, कंदील नाही हो, चांगला साठचा बल्ब होता, पण त्याखाली आम्ही चार जण आणि बाकीचं घर अंधारात झोपायचं. हे आज माझ्या पोरांना सांगतो तेव्हा माझाच आवाज बसतो.

पुढं मी आयटीआय करून पुण्याला भोसरीत लागलो, येणं कमी झालं. 1998 ला मामींना अर्धांगवायू झाला. मुलींची लग्नं झालेली. मी भेटायला गेलो तेव्हा सकाळचे सात वाजले असतील, मामी खुर्चीत बसलेल्या आणि मागं मामा उभे राहून त्यांची वेणी घालत होते. तेल लावून, भांग सरळ पाडून, तीन पेड घेऊन, ओठातल्या ओठात हरिपाठ चालू. एक पेड सुटला तर परत पहिल्यापासून. मला बघून म्हणाले बस, होतंच आलंय. अकरा वर्षं त्यांनी हे रोज केलं. कार्तिकी सुद्धा थांबवली त्यांनी त्या अकरा वर्षांत, एकदाही गेले नाहीत.

2003 ला रिटायर झाले. 2005 चा महापूर तुम्हाला सगळ्यांना आठवतोच. आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीच्या पोराला पाढ्यांसारखं पाठ असतं, पण त्या वेळी पाणी शाळेपर्यंत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मामींना मुलीकडे पोचवून मामा शाळेत आले, जनरल रजिस्टर कुठल्या कपाटात ते त्यांनाच माहीत, आणि धाकटीला आणि मुलाला घेऊन पहिल्या वर्षापासूनची सगळी रजिस्टरं वरच्या मजल्यावर नेली. तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं. पखवाज गेला. वडिलांच्या हातचा होता तो. मला नंतर दाखल्याची नक्कल काढायला लागली तेव्हा क्लार्कने जे रजिस्टर उघडलं ते कोरडं होतं, माझं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं निळ्या शाईत स्वच्छ. मी ते पान बराच वेळ बघत होतो.

मामी 2009 ला गेल्या, मामा 2016 ला. एकादशीला वगैरे नाही, पौषातल्या साध्या बुधवारी, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. 2019 चं पाणी, आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलेलं, ते त्यांना बघायला लागलं नाही याचं मला बरं वाटतं.

गेल्या महिन्यात महोत्सवाच्या मीटिंगला आलो होतो. धाकटीही आली होती, आता तिचं शिवणकामाचं दुकान आहे, लेक कॉलेजात. मीटिंग बेल वाजून सुरू झाली, ती इलेक्ट्रिक. धाकटी उठली आणि व्हरांड्यात गेली, मी मागं गेलो. रूळ अजून तिथंच आहे, गंजलाय, पुराच्या गाळाची रेघ अजून भिंतीवर दिसते. तिने तळहात त्यावर सपाट टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. दांडकं कुठं दिसेना, मग कोपऱ्यात सळईचा तुकडा पडला होता तो मी घेतला आणि हाताला आलं तसं वाजवलं. दोन, आणि दोन. थरथर थांबेपर्यंत तिने हात काढला नाही. मग हसली आणि पाची बोटं जुळवून तोंडाकडे घास नेल्याची खूण केली.

मधली सुट्टी.